बाईंची पहिली सभा

नगराध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं, तशी त्या खुर्चीवर कधीपासून डोळा ठेवून बसलेल्या नवऱ्याने बाईंना निवडणुकीला उभं केलं. सहावीला नागरिकशास्त्र शिकवायची त्यांची आवडती नोकरी त्यासाठी सोडायला लावली. "पोरांना शिकवण्याइतकं सोपं नसतं हे. तू नुसती सही कर, कारभार मी बघतो," असं तो चारचौघांत हसत सांगायचा. बाई अपमान गिळून दारोदार हात जोडत फिरल्या आणि निवडून आल्या.

पहिल्याच सभेत तो त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून ऐटीत बसला. घसा खाकरून म्हणाला, "तर मंडळी, आजचा पहिला विषय..."

बाईंनी शिपायाला हाक मारली.



"या गृहस्थांना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवा. इथे निवडून आलेलेच बसतात."