बिनमुराळ्याची

ओढ्यापाशी मेजरनं हिसका दिला आणि नकुशी फरपटत पुढं गेली. हिसका तो रोजच द्यायचा. रोज ती टाचा रोवायची, साखळी मनगटाला गुंडाळायची आणि वासराएवढ्या त्या अल्सेशन कुत्र्याला शिव्या घालत घराकडं वळवायची. सासऱ्यांचा हुकूम ओढ्यापर्यंतचाच होता.

आज तिनं टाचा रोवल्या नाहीत.

सासरे सोपानराव पलटणीतून सुभेदार होऊन परतले. विलायतेला निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी हे पिल्लू आणलं होतं. जन्मभर मेजरांना सलाम ठोकले, तेव्हा एक तरी मेजर आपल्या साखळीला असावा असं त्यांना वाटलं असेल. त्यांचे गुडघे धरल्यापासून कुत्र्याला फिरवायचं काम सुनेच्या गळ्यात पडलं. गडी त्याला भ्यायचे, आणि मेजर भाकरी खायचा ती नकुशीच्याच हातची. "सून कुत्र्याला फिरवती का कुत्रं सुनंला?" म्हणत बायका पदराआड हसायच्या. नकुशीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज मात्र कुणी हसलं असतं तर तिनं त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं असतं.

दुपारी इमामबी बांगड्यांची पेटी घेऊन दारात आली होती. नकुशीचं माहेर नदीपलीकडं वडगाव रासाईला, आणि इमामबीचा फेरा दोन्ही काठांवर. बांगड्या भरता भरता ती नकुशीच्या कानाशी लागली.

"पोरी, तुज्या आईनं अन्न सोडलंय. दाराकडं डोळं लावून पडलीया. जायाचं तर आजच जा."

एक हात भरून झाला होता. दुसरा तसाच रिकामा घेऊन नकुशी उठली आणि ओसरीवर गेली. सुभेदार बशीत चहा ओतत होते.

"मामंजी, आयचं काय खरं न्हाई. पल्याड जाऊन येऊ का?"

"मुराळी येऊ दे. मग जा."

"कोन येनार? न्यायला यायाला मला भाऊ न्हाई, तुमास्नी ठावं हाय."

"मग त्याला मी काय करू? तुज्या आईला पोरगा झाला न्हाई, त्यो काय माजा गुन्हा हाय व्हय?" सुभेदारांनी बशी तोंडाला लावली. "मुराळ्याबिगर सून माहेरला धाडायची आमच्यात रीत न्हाई. जा, मेजरला फिरवून आन. सकाळधरनं बांधून हाय त्यो."

बाई तिकडं शेवटच्या घटका मोजतेय आणि ह्यांना रीत आठवते. कुत्रं सकाळपासून बांधलेलं ह्यांच्या जिवाला लागतं, सून लग्नापासून बांधलेली दिसत नाही. पोरींच्या पाठीवर पुन्हा पोरगीच झाली म्हणून जिचं नाव नकुशी ठेवलं, तिच्याकडं हे भाऊ मागतात. बाप केव्हाच गेलेला, चुलता बांधावरून वैर धरून बसलेला. नवरा खडकीला नोकरीला. तो घरी असता तरी 'आबा म्हणतील तसं' म्हणून मोकळा झाला असता.

ओढा ओलांडल्यावर मेजर जो सुटला तो सुटलाच. नदीवर भैरू नावाडी मासे वाळत घालायचा. त्या वासानं कुत्रं रोज पिसाळल्यासारखं करायचं, आज त्याला रान मोकळं मिळालं. साखळीनं नकुशीचा तळहात सोलून निघाला. पदर खांद्यावरून घसरला, तो तिनं कमरेला खोचला. झेंडूच्या वाफ्यात पाणी धरून उभी असलेली रतनबाई खोरं टाकून ओरडली, "अगं आवर त्याला! नदीत नेऊन बुडवंल तुला त्यो!"

"नेऊ दे!" नकुशी इतक्या जोरात ओरडली की रतनबाई दोन पावलं मागं सरली.

भैरू काठावर नावेतलं पाणी उपसत होता. कुत्रं बघून तो आधी नावेच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. मग त्यानं नकुशीला ओळखलं.

"भैरूदादा, पल्याड सोड मला."

भैरूनं तिच्या मागच्या वाटेकडं नजर टाकली. वाटेवर कुणी नव्हतं.

"एकलीच? मुराळी कुठाय?"

"वल्हव म्हनते न्हवं."

"न्हाई बाई. सुभेदाराची सून मी बिनमुराळ्याची सोडली तर त्यो माजी नाव फोडंल. घरला जा गुमान."

एवढ्यात मेजरला नावेतली माशांची पाटी दिसली. त्यानं काठावरून झेप घेतली आणि साखळीबरोबर नकुशीही गुडघाभर पाण्यातून ओढली जाऊन नावेत आदळली. नाव डचमळली. भैरूनं दोन्ही हातांनी कड धरली आणि हसत तिच्याकडं पाहिलं. तिचा चेहरा बघून त्याचं हसू तोंडातच जिरलं.

"माज्या आयनं पोरगा जन्माला घातला न्हाई म्हनून तिनं तोंडात पान्याचा थेंब न पडता मरायचं व्हय रं?" नकुशी म्हणाली. "बोल की. तू पन त्यांच्यातलाच हायेस का?"

पाटीत तोंड घालून मेजर मचमच मासे खात होता, त्याला भैरूनं हुसकावलंही नाही. खुंटीची दोरी सोडून त्यानं नाव लोटली. दोन हात पाणी सरल्यावर त्याला पुन्हा धास्ती वाटली.

"आक्का, सुभेदारानं इचारलं तर काय सांगू मी?"

नकुशीनं साखळीचा आणखी एक वेढा रिकाम्या मनगटाला दिला.

"सांग, मुराळी आलता. त्यांच्याच घरचा हुता, म्हनावं. मी न्हाई न्हाई म्हनत हुते, त्योच वढत घिऊन गेला."