टॉवेलाची गाठ

लॉन्ड्रीवाल्याच्या हातांवर नायटा पसरला, तेव्हा डॉक्टरांनी पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि टॉवेल वेगळा ठेवायला सांगितलं. बायकोनं ओळखू यावा म्हणून त्याच्या टॉवेलाला गाठ मारली आणि दम भरला, "खाज गेली म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडल्यात, तर मीच सोडून जाईन." त्यानं एकही गोळी चुकवली नाही. गोळ्या संपायच्या आधीच इस्त्री करताकरता तिच्या छातीत कळ आली. तिनं आधाराला हात पुढे केला, पण तिलाही नायटा लागेल म्हणून त्यानं सवयीनं हात मागे घेतला. कोसळली ती उठलीच नाही. आज डॉक्टर म्हणाले, "सुटलात, मामा. आता टॉवेल वेगळा नको." घरी येऊन तो गाठ सोडवायला बसला. धुऊन धुऊन ती घट्ट झाली होती. नखानं एक पीळ सैल होताच तो थबकला. तिच्या हातची गाठ त्यानं पुन्हा आवळली.