दोन प्लेटा

आई प्रयोगशाळेत येण्याआधी मुलीने दोन्ही प्लेटांवरच्या चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या. आता बाहेरच्या माणसाला सांगता आलं नसतं, कुठल्या प्लेटमध्ये ते रसायन आहे आणि कुठल्या प्लेटमध्ये नाही.

आईने प्रयोगशाळेचा पांढरा कोट अंगात चढवला, बाह्या दुमडल्या. "तुझे बाबा असते तर म्हणाले असते, आली मोठी डॉक्टरीण." मुलीने खुर्ची पुढे केली तरी आई बसली नाही. "दाखव."

"आई, त्यात बघण्यासारखं काही नाही."

"माझ्या नवऱ्याच्या गळ्यात मुक्काम ठोकून होतं ते. तोंडओळख तरी होऊ दे."

स्वरयंत्र काढल्यापासून बाबा गळ्यात बसवलेल्या सिलिकॉनच्या छोट्या झडपेतून बोलत. गळ्यावरच्या छिद्रावर अंगठा दाबला की आवाज येई. भांडण आईच्या बाजूने झुकू लागलं की ते खुशाल अंगठा काढून घेत, आणि विषय तिथेच संपे. पण यीस्टला, तोंडा-घशात वाढणाऱ्या बुरशीला, ते सिलिकॉन मानवलं. प्रत्येक नव्या झडपेवर त्याने थर धरला. शेवटची झडप बदलायला नेण्याइतकं त्राण बाबांमध्ये उरलं नव्हतं. शेवटच्या दुपारी त्यांनी आईला खुणेने जवळ बोलावलं. अंगठा दाबला. ओठ हलले, नुसती हवा फुसफुसली. पुन्हा दाबला. पुन्हा हवा. पेन बोटांत ठरत नव्हतं.

ती फुसफूस मुलीला अजून ऐकू येते. बसचं दार उघडतं तेव्हा. कुकरची वाफ सोडताना.

"ते तुझं औषध," आई म्हणाली. "मी तेव्हा मागितलं होतं."

"ते औषध नाहीच अजून. माणसाला देता येत नाही."

"करतं काय ते?"

"यीस्टची दाटी झाली की ते स्वतःच एक रसायन सोडतं. एकमेकांना निरोप असतो तो. गर्दी झाली, आता इथे ठाण मांडू नका, असा. आपण तोच निरोप बाहेरून द्यायचा, थर धरण्याआधी."

"आणि ऐकतं?"

"कधी ऐकतं, कधी नाही."

"ह्यांच्यातलं?"

बाबांच्या झडपेवरून काढलेलं यीस्ट तिने दोन्ही प्लेटांतल्या सिलिकॉनच्या कोऱ्या पट्ट्यांवर सोडलं होतं. निकाल सकाळीच तिच्यासमोर आला होता.

"नाही," ती म्हणाली. "काही फरक पडला नाही. दोन्ही प्लेटा सारख्याच."

"म्हणजे तेव्हा आपण दिलं असतं तरी..."

"बोलता आलं नसतं त्यांना. नाहीच."

आईने मान डोलावली. मग न विचारता दोन्ही प्लेटा उचलल्या आणि खिडकीशी गेली.

"झाकण उघडू नकोस हं."

"एवढी अक्कल आहे मला."

आईने पहिली प्लेट उजेडात धरून कलती केली. आतलं पाणी नितळ होतं. पट्टीवर सायीसारखा पांढुरका थर चिकटला होता. तो जागचा हलला नाही.

आईने दुसरी कलती केली. दुधाळ ढग या कडेहून त्या कडेला सरकला आणि त्याखालून पट्टी दिसली. स्वच्छ. तिच्यावर काहीच धरलं नव्हतं.

मुलगी टेबलाची कड धरून उभी राहिली. चिठ्ठ्यांचे कपटे तिच्या नखांत अडकले होते. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"सारख्याच आहेत," आई म्हणाली, आणि ती दुसरी प्लेट पुन्हा एकदा, अगदी हळू, कलती केली.