बोटीवरची भाकर

लातूरच्या डाळमिलवाल्या सोमेशनं परदेशात फिरायला सोताची बोट घेतली. टॅक्सचा ताप नको म्हणून ती आईच्या, नीलाबाईच्या नावावर केली. आमाला दोस्तांना फिरवायला नेलं, अन् आईला नेलं भाकरी थापायला. ह्या भिकारड्याला थायलंडमधी बी ज्वारीची भाकर लागती.

फुकेतला आमी समदे उतरलो. नीलाबाई बी चपला घालून निघाली, तर हा म्हणतो, "तू कुठं? इथला रूल लई कडक हाय. सैपाक करणाऱ्यानं बोटीवरच राहायचं." लुगड्यातल्या म्हातारीला गोऱ्या लोकांत न्यायची लाज वाटून राहिली होती त्याला. ती चपला काढून माघारी फिरली.

पुढं मलेशियाच्या बंदरावर इमिग्रेशनचा साहेब बोटीवर आला. सोमेश गॉगल लावून पुढं झाला, तर साहेबानं त्याला हातानंच बाजूला सारलं. मालकानं ज्याची ओळख दिली त्यालाच उतरता येतं म्हणे. मालकीण तर नीलाबाई! बोटीच्या कॅप्टननं तिला बोलावलं अन् साहेबाचा सवाल हिंदीत करत आमच्याकडं हात केला, "अम्मा, ये लोग कौन हैं?"

"पाहुणे हायत. उतरू द्या लेकरांना."

"और ये साब?"

"आई, सांग की," सोमेश दात काढत म्हणला. अख्ख्या ट्रिपमधी पहिल्यांदा त्याच्या तोंडातनं आई निघालं.

नीलाबाईनं पिठाचे हात पदराला पुसले अन् परात त्याच्या हातात दिली.



"ह्यो सैपाकी हाय. ह्याला रूल म्हाईत हाय."