शेपटाची टोपी

आमच्या निसर्गमंडळाच्या डोंगरफेरीत सर्वांत मागे चालणाऱ्याला शेपूट म्हणतात. पुढच्यांनी टाकलेलं, विसरलेलं गोणीत भरून खाली आणायचं, हे शेपटाचं काम. इतकी वर्षं ते दादांकडे होतं. दादा गेले आणि गोणी माझ्या गळ्यात पडली. डोंगरावर आपलं काही ठेवायचं नाही, हा नियमही त्यांचाच. संत्र्याच्या सालीवरूनसुद्धा झापायचे. आज वहिनी पहिल्यांदाच आल्या. माथ्यावर त्यांनी पिशवीतून दादांची टोपी काढली, दगडाखाली नीट ठेवली आणि मागे न बघता उतरू लागल्या. बाकीच्यांनीही नजर चुकवून काढता पाय घेतला. मी टोपीपाशी उभा. उचलावी तर वहिनींचं मन मोडेल, ठेवावी तर दादांचा नियम. गोणीत टाकायला जीव होईना, म्हणून डोक्यावर घातली. पायथ्याशी वहिनींचं लक्ष गेलं. “मागचा पट्टा जरा ओढून घ्या, भावजी,” त्या म्हणाल्या, “वर वाऱ्याने उडते.”