आभाराचं पान

“पुरावा नसलेलं वाक्य म्हणजे पिकातलं तण. दिसलं की उपटायचं.” सात वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी लाल पेन्सिल नाचवत सरांनी तिला बजावलं होतं. ती मान खाली घालून शिकली. आज प्रबंधावर सही झाली आणि सरांनी स्वतःच लिहून ठेवलेलं आभाराचं पान पुढे सरकवलं. “एवढं सुरुवातीला लाव, पोरी. सगळेच लावतात.” तिने प्रबंध पिशवीत घातला, मग टेबलावरची लाल पेन्सिल उचलली. ‘प्रेमळ’ कापलं. ‘पितृतुल्य’ कापलं. ‘अडीअडचणीत पाठीशी उभे राहिले’ याच्यासमोर तिने लिहिलं, ‘पुरावा?’ “डोकं फिरलंय का तुझं?” सर म्हणाले. “तिसऱ्या प्रकरणाला मी रजेचा अर्ज टाचला होता, सर. ‘आई अत्यवस्थ आहे’ याच्यापुढे तुम्ही हेच लिहून तो परत पाठवलात. मी घाबरून घरी न जाता इथेच थांबले. पुरावा नवव्या दिवशी घरून आला. आईच्या मृत्यूचा दाखला.”