चुकीच्या उत्तराचा आवाज

उत्तर चुकलं, कॉम्प्युटर ‘टीं टीं’ वाजला आणि गोदूमावशी खुर्ची सोडून धावत सुटल्या. त्या परत येईपर्यंत वेळ संपून परीक्षा बंद पडली. आज हे तिसऱ्यांदा.

“मावशींचं चित्तच थाऱ्यावर नसतं,” सुपरवायझर वैतागले. “आज पास झाल्या नाहीत, तर मुलांच्या वॉर्डातून काढून लाँड्रीत पाठवतो.”

हॉस्पिटलच्या मावश्यांसाठी हा कोर्स आणि त्याची परीक्षा मृदुलानेच तयार केली होती. ती उठून शेजारच्या वॉर्डात गेली. गोदूमावशी एका तान्ह्या बाळाच्या खाटेशी उभ्या होत्या, नजर मॉनिटरवर.

“वाजला की हो आत्ता! पण हा तर गाढ झोपलाय.”

मृदुलाने कपाळावर हात मारून घेतला. चुकीच्या उत्तरासाठी तिने हौसेने निवडलेला आवाज हुबेहूब मॉनिटरसारखा होता. तिने तो काढून टाकला आणि त्या जागी स्वतःच्या आवाजात ‘पुन्हा बघू या’ एवढंच भरलं.

मावशी परत बसल्या. चुकलं की “बरं बाई, बघू” असं कॉम्प्युटरलाच सांगत पुढे सरकत राहिल्या. शेवटच्या प्रश्नावर बोट टेकवणार, तोच वॉर्डातून खरंखुरं ‘टीं टीं’ ऐकू आलं. खुर्ची गरकन फिरली आणि रिकामी थांबली.

“बघा! उठल्याच पुन्हा!” सुपरवायझर म्हणाले.

मृदुलाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. शेवटचा प्रश्न तसाच उघडा होता: ‘मॉनिटर वाजला, तर सर्वांत आधी काय कराल?’